चटईखालचा पट्टा

शनिवारी सकाळी सात वाजता लुपे गाडीच्या मागच्या दारात गुडघे टेकून माशांच्या डब्यांच्या खोक्यांशी झटापट करत होती. बारा खोकी, वर खारवलेल्या मांसाच्या दोन बादल्या. आणि हे सगळं कुणासाठी, तर टोकोरोआत एकट्या राहणाऱ्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या नोरीनसाठी, जिला डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं आणि जी पुढच्या शनिवारी घर आवरून दक्षिणेला लेकीकडे कायमची जायची होती.

"ती हे खाणार कधी?" लुपेने नवऱ्याला विचारलं.

"खायचा प्रश्नच नाही," आपेलू म्हणाला. "आई देणार आहे ती चटई एकटी जात नाही. तिच्याबरोबर काहीतरी जड जावंच लागतं."

"जड आहे खरं. उचलून बघ."

आपेलूने उचललं नाही. शेहेचाळीस वर्षांचा तो धिप्पाड गडी, पण जड उचलायची वेळ आली की त्याला छातीवरचा व्रण आठवायचा.

खरं म्हणजे त्या व्रणासाठीच आजची सगळी धावपळ होती. आपेलू तीन आठवड्यांचा असताना त्याचे ओठ निळसर दिसायला लागले होते. त्याचा बाप टोकोरोआच्या लाकडाच्या गिरणीत कामाला होता. गावातल्या डॉक्टरांनी थंडी म्हणून सांगितलं आणि त्याची आई सिएनी बाळाला दोन गोधड्यांत गुंडाळून घरी घेऊन आली. दुसऱ्या दिवशी घरोघरी बाळांची वजनं करायला येणारी नर्स आली, ती ही नोरीन. तिने बाळाकडे पाहिलं, त्याच्या नखांकडे पाहिलं, वजनाचा काटा परत पिशवीत टाकला आणि मायलेकांना आपल्या चिमुकल्या गाडीत घालून तडक ऑकलंडच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तीन तास गाडी चालवली, वाटेत कुठेही थांबली नाही. त्याच आठवड्यात बाळाच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. एक दिवस उशीर झाला असता तर हा मुलगा हाती लागला नसता, असं तिथल्या सर्जनने सिएनीला सांगितलं होतं.

तेव्हापासून सिएनीच्या मनात एकच होतं. या बाईला आपल्या घरातली सगळ्यात मोलाची वस्तू द्यायची. आणि सामोआ बेटांवरून आलेल्या माणसाच्या घरात इए तोगा या चटईपेक्षा मोलाचं काही नसतं. चटई म्हटलं की जी डोळ्यांपुढे येते ती ही नव्हे. हिच्यावर कुणी बसत नाही, निजत नाही. केवड्याच्या पानांच्या दोऱ्यासारख्या बारीक पट्ट्या काढून विणलेली, हाताला रेशमासारखी लागणारी, काठाला तांबडी पिसं लावलेली ही वस्तू आपल्याकडच्या आजीच्या पैठणीसारखी जपायची आणि मोठ्या प्रसंगी द्यायची. अडचण एवढीच की मोठे प्रसंग थांबत नाहीत. सिएनीकडे चटई आली की कुणीतरी मरायचं, नाहीतर कुणाचं तरी लग्न निघायचं, आणि चटई जायची. म्हणून शेवटची चटई, तिच्या स्वतःच्या आईने तिकडे सामोआत, सवाई बेटावर अडीच वर्षं बसून विणलेली, तिने गादीखाली दडवली आणि पंधरा वर्षं तिच्यावर झोपली. कुणी मागितली तर नाही म्हणून सांगितलं, आणि त्या खोटेपणाबद्दल दर रविवारी देवाची माफी मागितली.

आता नोरीन जाणार होती. आज नाही तर कधीच नाही.

लुपेला हे सगळं ठाऊक होतं आणि पटतही होतं. तिचं भांडण चटईशी नव्हतं. ती विमानतळाजवळच्या गोदामात अठरा वर्षं माल भरायचं काम करत होती, आणि सुटा माल बघितला की तिच्या अंगावर काटा यायचा. तिने दोन्ही बादल्या मागच्या सीटच्या पाठीला टेकवून तळाला ठेवल्या, खोकी त्यांच्याभोवती खाली खाली बसवली, गाडीच्या तळाला ज्या चार कड्या असतात त्यांत गोदामातून आणलेले दोन लांब पट्टे अडकवले आणि त्यांच्या लोखंडी खटक्यांनी करकचून आवळले. मग जुन्या पांढऱ्या चादरीत गुंडाळलेली चटई वर ठेवली. सीटवर ठेवायची सोय नव्हती. जिथे लोक बसतात तिथे चटई ठेवायची नाही, पायाशी तर नाहीच नाही, आणि तिच्यावर दुसरं काही येता कामा नये, हे सिएनीचे कायदे. मांडीवर घेतली तर सीटबेल्टने चुरगळेल, तेही नको. राहिली ती सगळ्यांच्या वरची जागा.

ती कपडे बदलायला आत गेली. तेवढ्यात आपेलूची थोरली बहीण मासीना आली.

मासीना म्हणजे पांढरा झगा, पांढरी हॅट, हातात परातीएवढा केक, आणि जीभ अशी की केक कापायला सुरी लागू नये. सामोआच्या घरात नवऱ्याची बहीण देव्हाऱ्यातली असते आणि लग्न करून आलेली बायको स्वयंपाकघरातली. तिने मोठ्यांपुढे उलट बोलायचं नसतं. लुपे चोवीस वर्षं बोलली नव्हती. गोदामात ती वीस पुरुषांवर ओरडायची, घरी चहा करायची.

ती बाहेर आली तेव्हा पट्टे गायब होते. खोकी एकावर एक रचून सीटच्या पाठीहून वीतभर उंच असा सपाट ओटा केलेला होता, आणि त्यावर चटई ऐसपैस पसरून ठेवली होती.

"पट्टे कुठे गेले?"

"काढले," मासीना म्हणाली. "आजीच्या हातची चटई लोखंडावर ठेवतात का? आणि वास काय मारत होता त्यांना! नोरीनला वाटायचं, आपण मेंढरं वाहून आणली."

"ताई, खोकी सुटी आहेत."

"सुटी कुठली? एकेक खोकं अकरा किलोचं आहे. जाणार कुठे ते?"

लुपेने आपेलूकडे पाहिलं. आपेलू टायरमधली हवा बघत होता. ती सिएनीकडे वळली. सासूबाई कधीच्याच मागच्या सीटवर बसल्या होत्या, पर्स मांडीवर, डोळे मिटलेले, ओठांवर प्रार्थना. लुपेने तोंडातला शब्द गिळला आणि पुढे जाऊन बसली. तिची चूक झाली ती इथे, आणि तिला ते त्याच वेळी कळत होतं.

ऑकलंडच्या मांगेरे भागातल्या घरून निघाल्यावर पहिल्या चौकातच मागून आवाज आला. खर्र, मग ठक्. दुसऱ्या वळणावर पुन्हा. सिएनी आणि मासीना भजन म्हणत होत्या, दोघींचे गळे फार गोड, आणि प्रत्येक कडव्याच्या मध्ये ते ठक् येत होतं. मागे वळून बघायची लुपेला हिंमत होईना.

वाटेत मर्सर गावाला पेट्रोल भरायला थांबले. आपेलू पैसे द्यायला आत गेला. लुपेने उतरून मागचं दार उघडलं. वरचा थर हातभर पुढे सरकला होता. एका खोक्याचा कोपरा सिएनीच्या मानेमागे, सीटच्या उशीला टेकून वाट बघत बसला होता.

तिने दार बंद केलं, पुढे गेली, किल्ली काढली आणि खिशात टाकली.

"आई, उतरा."

"का गं? मी घरून जाऊन आलेय."

"त्यासाठी नाही. मला सामान पुन्हा लावायचंय."

"झालं हिचं सुरू," मासीना म्हणाली. "बाई, ही गाडी आहे, विमान नाही."

"विमानात निदान माणसांच्या मागे माशांचे डबे सुटे ठेवत नाहीत, ताई. आपेलूने जोरात ब्रेक मारला तर गाडी थांबेल. खोकी थांबणार नाहीत. ती सरळ पुढे जातील, आणि सरळ पुढे आईंची मान आहे. शेजारी तुमची."

आपेलू परत आला तो किल्ली शोधत.

"लुपे, उशीर होतोय. तिकडे ती वाट बघत असेल."

"मग तू चालत जा. मी या गाडीत अशी बसणार नाही आणि कुणाला बसूही देणार नाही. नंतर काय बोलायचं ते बोला. हाकलून द्यायचं तर द्या."

पंपावरची माणसं बघायला लागली. लुपेचा आवाज गोदामातला निघाला होता आणि आता तो आत घालता येत नव्हता. सिएनीने तिच्याकडे पाहिलं. मग काठी टेकत उतरली.

"बांध," ती म्हणाली. "पण माझ्या आईच्या चटईला काही झालं, तर तुझ्या हातचं पाणी घेणार नाही. सगळ्यांच्या देखत सांगते."

लुपेने मान डोलावली. एवढी मोठी पैज तिने आयुष्यात लावली नव्हती.

पण पट्टे होते कुठे? मासीनाने ते घरी, कुंपणाच्या भिंतीवर ठेवले होते. लुपेने डिकीच्या तळाचं झाकण उचललं. जॅकच्या शेजारी एक आखूड पट्टा सापडला. तिने सगळी खोकी उतरवली, पुन्हा बादल्या तळाला सीटशी भिडवल्या, खोकी तीन थरांत, सीटच्या पाठीच्या खालीच राहतील अशी बसवली. पट्टा कसाबसा एका कडीपासून दुसऱ्या कडीपर्यंत पोचला. लांब पट्टा असता तर खटका बाजूला, खाली घेता आला असता. हा आखूड, त्यामुळे पोलादी खटका आला तो नेमका वर, मधोमध. तिने त्याच्यावर टॉवेल चौघडी करून ठेवला आणि त्यावर चटई. मनासारखं झालं नव्हतं, पण त्याहून बरं होण्यासारखं नव्हतं.

मग हात भरलेलेच होते म्हणून तिने बाकीचंही उरकून घेतलं. केकची परात सीटवरून काढून मासीनाच्या पायाशी, पुढच्या सीटच्या पाठीला टेकवून ठेवली. काचेसमोर मांडलेली भजनांची पुस्तकं, चष्म्याचं घर आणि आपेलूची हातोडी, होय, हातोडी, पुढच्या कप्प्यात कोंबून झाकण लावलं. पाण्याच्या बाटल्या दारांच्या खणांत गेल्या.

"त्या कड्या सामानासाठी असतात?" आपेलूने हळूच विचारलं. "नऊ वर्षं झाली गाडी घेऊन. मला वाटायचं, शोभेच्या आहेत."

मासीनाने एका खोक्यातून माशांचा एक डबा मात्र काढून घेतला. "हा माझ्याजवळ राहू दे. बिस्किटांबरोबर खायला होईल," असं म्हणून तिने तो शेजारी सीटवर ठेवला. लुपेने तो पाहिला. एका दिवसात दोन भांडणं तिला झेपणार नव्हती. तिने सोडून दिलं.

वाटेवरचं केंब्रिज गाव मागे गेलं. हिरवी कुरणं, गाई, ऊन. कुणी भजन म्हणत नव्हतं. मागून आवाजही येत नव्हता, आणि ती शांतता लुपेला फार गोड वाटत होती.

तिराऊ गावाच्या अलीकडे उतार होता. पुढे एक मोटार होती, तिला जोडलेल्या ट्रेलरवर लाल रंगाचा भला मोठा सोफा. लुपे त्याच्याकडेच बघत होती. तिच्या नजरेने तो बांधलेला नाही हे हेरलं, ती "आपेलू" एवढंच म्हणाली आणि सोफा उठला. वाऱ्याने एक टोक उचललं, सोफा हवेत वळला आणि त्यांच्या गाडीच्या वाटेत चार पायांवर येऊन बसला.

समोरून दुधाचा टँकर येत होता. डावीकडे खड्डा. आपेलूने होता नव्हता तेवढा जोर लावून ब्रेक दाबला. टायर किंचाळले. सीटबेल्ट लुपेच्या छातीत रुतला. गाडी थांबत आली, थांबत आली, आणि तरी उरलेल्या वेगाने धाडकन सोफ्यावर आदळली.

टँकर भोंगा वाजवत निघून गेला.

"आई?" आपेलू म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा आला.

"आहे," मागून सिएनी म्हणाली.

लुपे वळली. सिएनी ताठ बसली होती आणि तिच्या डोक्यावर, खांद्यांवर, आणि अर्धी मासीनाच्या मानेवर, पांढऱ्या चादरीतली चटई पडली होती. सीटच्या दोन उशांमधून ती पुढे आली होती. फक्त चटई. मऊ, हलकी चटई. तिच्यामागे एकही खोकं आलं नव्हतं.

मासीनाची हॅट नाकावर आली होती. ती तशीच बसून मागच्या सामानाकडे बोट दाखवत होती. ज्या वाटेने चटई आली त्याच वाटेने काय काय येऊ शकलं असतं, हे तिला आता दिसत होतं.

"लुपे," आपेलू हळूच म्हणाला. "माझ्या पायाशी बघ."

मासीनाचा तो डबा सीटवरून पडून, पुढच्या सीटखालून घरंगळत आपेलूच्या टाचेशी आला होता. ब्रेकच्या पेडलपासून चार बोटं लांब. आपेलूला पुन्हा एकदा पाय उचलून ब्रेक मारावा लागला असता, तर तो मधे अडकला असता. लुपेने वाकून तो काढला आणि काही न बोलता पुढच्या कप्प्यात टाकला.

सोफ्याचा मालक धावत आला. दाढीवाला, अनवाणी, चेहरा पांढराफटक. "माफ करा हो, माफ करा. केवढा जड आहे तो, मला वाटलं जातोय कुठे!"

लुपेने काही बोलायच्या आत मासीना गाडीतून उतरली होती. "जड आहे?" ती कडाडली. "जड आहे म्हणून बांधायचा नाही? अरे, जड आहे म्हणूनच बांधायचा! माणसांच्या माना काय बटाट्याच्या आहेत? दोरी नव्हती घरात? अक्कल नव्हती?" ती पाच मिनिटं थांबली नाही. आपेलूने खाली मान घालून सोफा कडेला ओढायला मदत केली. लुपेला हसू येत होतं आणि रडूही.

गाडीचं नाक थोडं चेपलं होतं, बाकी ती चालत होती. लुपेने मागचं दार उघडलं. खोकी बोटभरही हलली नव्हती. आखूड पट्टा तारेसारखा ताठ होता. टॉवेल मात्र सरकून बाजूला पडला होता, आणि उघड्या खटक्याच्या दांडीला पांढऱ्या चादरीची चिंधी लटकत होती.

लुपेने मान वर केली. सिएनी काठी टेकत शेजारी येऊन उभी राहिली होती, चटई छातीशी धरून. तिने चादरीच्या फाटीत हात घातला. तिची चार बोटं आरपार बाहेर आली.

अडीच वर्षं विणलेली. पंधरा वर्षं गादीखाली जपलेली. वीतभर चीर.

"आई," लुपे म्हणाली, "मी..."

सिएनीने तिच्याकडे पाहिलं नाही. ती खोक्यांकडे बघत होती. मग सीटच्या पाठीकडे, आपल्या उशीकडे, लेकीच्या उशीकडे. मग पुन्हा पट्ट्याकडे. शेवटी चटई उराशी तशीच धरून ती गाडीत जाऊन बसली.

"आई, आता ही कशी द्यायची?" मासीनाने विचारलं. तिचा आवाज पहिल्यांदाच खालचा होता. "फाटकी चटई देणं म्हणजे अपमान. टोकोरोआत आपल्या नात्यातल्या पुतूची बायको आहे, तिच्याकडे एखादी असेल. मागून बघू या?"

"आपेलू," सिएनी म्हणाली, "चालव."

उरलेला अर्धा तास लुपे समोर बघत बसली. जिवंत आहोत, चौघंही जिवंत आहोत, हे ती मनात पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि त्या कड्यांचे, त्या पट्ट्याचे, देवाचे, जे सुचेल त्याचे आभार मानत होती. आणि त्याच वेळी तिला वाटत होतं, आपण या म्हातारीचं मन फाडलं. पैज आपणच लावली होती आणि आपणच हरलो. आज घरी गेल्यावर सासूबाई पाणी मागतील तेव्हा ते मासीना देईल.

नोरीनचं घर लाकडी, बैठं, दारात फेजोआ या पेरूसारख्या फळाचं झाड. आत सगळी बांधाबांध झालेली. म्हातारी सडसडीत, पाठीत वाकलेली, पण डोळे अजून नर्सचे. तिने दारातच आपेलूची नखं बघितली. "गुलाबी आहेत," ती म्हणाली, आणि मग त्याला मिठी मारली.

अंगणात खुर्च्या मांडल्या. खोकी आणि बादल्या तिच्यापुढे रचल्या. "देवा रे," नोरीन म्हणाली, "मी एकटी आहे, सिएनी. हे मी कशात घालून नेऊ?"

"काय करायचं ते तू बघ," सिएनी म्हणाली. "देणं आमच्याकडे आहे."

लुपे सवयीने आत स्वयंपाकघरात गेली. असल्या वेळी तिची जागा तीच. तिने किटली ठेवली, केक कापायला घेतला. खिडकीतून तिला दिसत होतं, आपेलू उभा राहून भाषण करत होता, लांबलचक, घराण्याच्या नावांपासून सुरुवात करून. मग चटई उलगडायची वेळ आली. घरातल्या बाईने आणि लेकीने दोन टोकं धरून ती पाहुण्यापुढे पसरून दाखवायची असते. सिएनी उठली, मासीना उठली.

"लुपे!" सिएनीने हाक मारली. "बाहेर ये."

लुपे हात पुसत दारात आली. तिला वाटलं, आता सगळ्यांदेखत बोलणी बसणार.

"ये इकडे. ते टोक धर."

"आई, ते ताईंचं..."

मासीनाने टोक आधीच पुढे केलं होतं. "धर," ती पुटपुटली. तिचे डोळे लाल होते. "आणि खाली लागू देऊ नकोस. माझ्यापेक्षा तू बुटकी आहेस."

लुपेने धरलं. चोवीस वर्षांत तिने या घराची चटई धुतल्या हातांनी उचलली होती, वाळवली होती, गाडीत ठेवली होती. लोकांपुढे कधी धरली नव्हती. दोघी मागे मागे सरकल्या आणि चटई उन्हात उलगडली, पिसांचा काठ पेटल्यासारखा तांबडा, आणि मधोमध, सगळ्यांना दिसेल अशी, ती चीर. सिएनीने ती घडीत लपवली नव्हती. तीच बाजू नोरीनकडे केली होती.

"नोरीन," सिएनी म्हणाली, "ही माझ्या आईने विणली. आज सकाळपर्यंत ही धड होती. आता फाटली आहे, आणि मी ती तुला तशीच देणार आहे. आमच्या लहानपणी जुन्या चटयांना ठिगळं असायची, आणि प्रत्येक ठिगळाची गोष्ट असायची. ज्या चटईला गोष्ट नाही ती नुसती पानं. हिची गोष्ट ऐक. आज रस्त्यात आमच्यापुढे एक सोफा येऊन पडला. आमच्या पाठीमागे दीडशे किलोचं सामान होतं. मी आणि माझी लेक त्याच्या पुढ्यात बसलो होतो. ते सगळं आमच्या डोक्यात यायचं होतं. आली ती फक्त ही चटई. कारण माझ्या सुनेने सामान बांधलं होतं. घरचे नको म्हणत होते, तिने ऐकलं नाही. मी तिला नाही नाही ते बोलले, तरी तिने बांधलं."

नोरीनने चटईच्या काठाला हात लावला. "सिएनी, माझ्यासाठी एवढं कशाला? मी तेव्हा फक्त गाडी चालवली होती गं."

"हो," सिएनी म्हणाली. "आणि हिने फक्त सामान बांधलं. तुम्हा दोघींनाही वाटतं, आपण काही केलंच नाही."

मग ती चटईच्या दुसऱ्या टोकाकडे वळली. "लुपे, तू माझ्या घरात चोवीस वर्षं आहेस. मी दुकानदाराचे आभार मानते, बसवाल्याचे मानते. तुझे कधी मानले नाहीत. मला वाटायचं, सुनेचे काय मानायचे. आज मानते. आम्ही सगळे आज इथे उभे आहोत ते तुझ्यामुळे. देव तुझं भलं करो, पोरी."

लुपेला डोळे पुसता येईनात, कारण दोन्ही हातांत चटई होती आणि ती खाली लागू द्यायची नव्हती. पाणी गालांवरून तसंच ओघळत राहिलं. अठरा वर्षांत गोदामात कुणी तिला चांगलं बांधलंस असं म्हटलं नव्हतं. नीट बांधलेला माल कुणाला दिसतच नाही. मासीनाने पुढे होऊन आपल्या रुमालाने तिचा चेहरा पुसला, जरा जास्तच जोरात.

चहा झाला, केक झाला. डब्यांच्या खोक्यांचं काय करायचं ते नोरीननेच ठरवलं. गावातल्या सामोअन चर्चमधून दोन माणसं आली आणि खोकी, बादल्या घेऊन गेली. चटई मात्र तिने कुणाला हात लावू दिली नाही. तिची तिने आपल्या हातांनी घडी घातली, चीर वर येईल अशी, आणि सोबत न्यायच्या बॅगेत सगळ्यात वर ठेवली. "लेकीला ही गोष्ट सांगेन," ती म्हणाली. "मग नातीला."

निघताना तिने झाडाखालची फेजोआ गोळा करून एक मोठी पिशवी भरली आणि सिएनीच्या हातात दिली. दोघी म्हाताऱ्या फाटकाशी कितीतरी वेळ हात धरून उभ्या होत्या. दोघींनाही ठाऊक होतं की ही शेवटची भेट. आपेलू गाडीत बसून भोंगा वाजवायला गेला आणि मासीनाने त्याच्या हातावर चापट मारली.

शेवटी सिएनी गाडीशी आली. मागे सगळं रिकामं होतं. मागच्या सीटवर मोकळी जागा होती, मांडी मोकळी होती, पिशवी कुठेही टाकली असती तरी कुणी काही म्हटलं नसतं. ती दाराशी थांबली आणि पिशवी पुढे धरली.

"लुपे," ती म्हणाली, "ही कुठे ठेवू? सांग."